छत्तीस बिऱ्हाडं आणि एक बहावा

कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीत राहणाऱ्या, साठीकडे झुकलेल्या एका ताईंचं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा गोषवारा देत आहे.

सोसायटीत तीन इमारती, छत्तीस फ्लॅट. मागच्या बाजूला इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये चाळीस फूट लांब, सहा फूट रुंद पट्टा आहे. तिथे वर्षानुवर्षं फुटक्या फरश्या, रंगाचे डबे, कुणाचं तरी काढून टाकलेलं कमोड पडून असायचं. सासूबाईंचं लांबलेलं आजारपण संपलं, दिवस एकदम रिकामे झाले, तेव्हा ताईंनी हा कोपरा स्वतःच्या खर्चानं साफ करून घेतला. माती आणून टाकली. जास्वंद, तगर, अनंत, सोनटक्का, कण्हेर, गोकर्ण लावली. एका टोकाला बहाव्याचं रोप लावलं, ते आता डोक्याच्या वर गेलं आहे. माळ्याचे पैसे त्याच देतात.

आता सगळं एकदम अंगावर आलं आहे. पहाटे सहाच्या आत झाडं ओरबाडलेली असतात. तोडणाऱ्यांत बाहेरचे फिरायला जाणारे आहेत, तशा ए विंगमधल्या एक काकूही आहेत. ताईंनी ‘देवाला चोरीची फुले वाहू नयेत, सीसीटीव्हीची नजर आहे’ अशी पाटी लावली आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रण पेटलं. कमिटीनं या पट्ट्यावर पेव्हर ब्लॉक टाकून दुचाक्या लावायच्या आणि गेटपाशी कंत्राटदाराकडून शोभेच्या कुंड्या ठेवायच्या, असा विषय वार्षिक सभेपुढे आणला आहे. डास होतात, साप निघाला होता, पाणी जातं, अशा तक्रारीही आहेत. सेक्रेटरींचं म्हणणं, रीडेव्हलपमेंट येतंय, जमिनीत झाड लावूच नका, उद्या परवानग्यांचं लचांड. आणि आजवर छत्तीस घरांतलं एकही माणूस मदतीला आलेलं नाही. ताई लिहितात, ‘लोकांना सौंदर्यदृष्टीच नाही. सभेत भांडू, की सगळं उपटून मोकळी होऊ?’

ताई,

उपटू नका. भांडायचं की नाही ते पुढे बघू. आधी ते सौंदर्यदृष्टीचं वाक्य जरा तपासू या, कारण तुमचा सगळा राग त्यावर उभा आहे.

ए विंगमधल्या काकूंकडे बघा. त्या पहाटे उठून, पिशवी घेऊन तुमच्या जास्वंदीपाशी येतात. आज कुठल्या झाडाला किती फुलं असणार हे त्यांनी बहुधा आदल्या संध्याकाळीच कळ्या बघून ताडलेलं असतं. छत्तीस घरांत तुमच्याखेरीज त्या झाडांकडे इतकं निरखून बघणारं दुसरं कोण आहे? फूल झाडावरच शोभतं हे तुमचं मत. त्यांचं मत, फूल देवाच्या डोक्यावर शोभतं. वाड्याच्या परसात तगर-जास्वंद लावणाऱ्या पिढीनं ती तोडण्यासाठीच लावली होती. काकू त्या पिढीच्या असतील तर त्यांच्या लेखी त्यांनी चोरी केलेलीच नाही, आणि तुमच्या पाटीनं मात्र त्यांना चारचौघांत चोर ठरवलं. पुण्याच्या पाट्यांचं जगभर कौतुक होतं. पण पाटी वाचून शेजारी सुधारला, असं उदाहरण माझ्या ऐकिवात नाही.

झाडाच्या बाजूनं पाहिलं तरी फारसं बिघडत नाही. जास्वंदीचं फूल साधारण एकच दिवसाचं असतं. संध्याकाळी ते मिटणारच. तगरीला रोज नवी फुलं येतात. नुकसान होतं ते कळ्या ओरबाडल्या, फांदी वाकवून मोडली, शेंडा खुडला तर. तेव्हा ती पाटी काढा आणि काकूंना भेटा. ‘जास्वंद आणि तगर तुम्ही घेत चला, अनंत आणि सोनटक्का राहू दे, कळ्या तेवढ्या सांभाळा’ असं तोंडी सांगा. जमल्यास एक पाऊल पुढे जा आणि अजून काय हवं ते विचारा. दुर्वा म्हणतील, बेल म्हणतील, हरितालिका आणि मंगळागौरीची पत्री म्हणतील. मंडईत पत्रीचा जुडगा विकत घेताना त्यात नेमकं काय बांधलंय हे निम्म्या लोकांना ओळखता येत नाही. आघाडा, माका, दुर्वा तुमच्या पट्ट्याच्या कडेला फारसं काही न करताही उगवतील. काकूंना त्या ओळखता येत असतील तर तुम्हाला बिनपगारी जाणकार मिळाल्या.

बाहेरच्या लोकांचं काय, हा प्रश्न उरतो. भिंतीबाहेरून हात पोहोचेल तिथे तगर, कण्हेर अशी भरपूर फुलणारी झाडं आणि हाताबाहेर अनंत, अशी मांडणी बदलली की बराचसा त्रास कमी होतो. पूर्ण थांबणार नाही. कण्हेरीबद्दल एक सांगायलाच हवं. तिचा प्रत्येक भाग विषारी असतो, पान, फूल, फांदी, सगळं. पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, तिच्या बिया तर फारच. पुण्यातल्या अर्ध्या सोसायट्यांत ती असते आणि मुलं त्या बियांशी खेळतात. मागच्या पट्ट्यात लहान मुलं येत असतील तर कण्हेर तिथून हलवा.

आता मदतीचं. छत्तीस घरांतून कुणी आलं नाही, हे खरं. पण येऊन त्यांनी करायचं काय होतं? झाडं तुम्ही निवडली, माती तुम्ही आणली, माळी तुमचा, पाण्याची नळीसुद्धा बहुधा तुमच्याच बाल्कनीतून सोडलेली. अडगळीच्या कोपऱ्यासाठी परवानगी कशाला मागायची असं तेव्हा तुम्हाला वाटलं, त्यात गैर काही नव्हतं. तुम्ही मागितली असती तर कमिटीनं सहा महिने विषय पुढे ढकलला असता, हेही मी धरून चालते. पण त्यामुळे ती जागा सगळ्यांच्या नजरेत तुमची झाली. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात जाऊन कुणी आपणहून भांडं उचलत नाही, तसं झालं. लोक उदासीन असतीलही, मात्र संकोच हेही एक कारण असू शकतं, आणि ते तुम्ही तपासून पाहिलेलं नाही.

शिवाय तुमच्याच पत्रातली एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नाही, असं मला वाटतं. हा पट्टा मागच्या बाजूला आहे. ए आणि बी विंगची माणसं गेटमधून आत येतात, जिना चढतात, घरात जातात. त्यातल्या कितींनी तुमचा अनंत फुललेला पाहिला असेल? कमिटीला गेटपाशी कुंड्या हव्याशा वाटतात, कारण सगळ्यांची नजर तिथे पडते. म्हणजे त्यांनाही सोसायटी छान दिसायला हवी आहे. फक्त ती कुठे दिसावी यावर तुमचं-त्यांचं एकमत नाही. कंत्राटदार आणेल ते क्रोटन, अरेका पाम आणि ड्युरांटाची कापलेली कुंपणं तुम्हाला आवडणार नाहीत. मलाही त्यांचं फार प्रेम नाही. पण दुर्लक्ष सोसूनही ती तगतात, आणि कमिटी बदलली की सगळ्यात आधी दुर्लक्षच सुरू होतं, हे सेक्रेटरींना ठाऊक आहे.

म्हणून माझा सल्ला असा, की गेटचा विषय तुम्हीच उचला. कमिटीला सांगा, कंत्राटदार नको, गेटची जबाबदारी मी आणि आणखी दोघं घेतो. गेटच्या कमानीवर मधुमालती चढवा. संध्याकाळी कामावरून आलेला माणूस मान वर करून बघेलच. आत वळल्यावर लगेच पारिजातक. त्याची फुलं पहाटे आपणहून जमिनीवर पडतात आणि पूजेला खाली पडलेली चालतात, त्यामुळे तोडण्याचा तंटाच नाही. पारिजातकाची पानं खरखरीत आणि उन्हाळ्यात जरा भकास दिसतात, तेव्हा शोभेला पुढे दोन-चार कुंड्या राहू द्या, त्या कंत्राटदाराच्या असल्या तरी बिघडत नाही.

आणि एक कढीपत्ता लावा. हे मी गंमतीनं सांगत नाही. फुलांबद्दल मतं वेगळी असतात, फोडणीबद्दल नसतात. ज्या झाडाची दोन पानं खुडायला प्रत्येक घरातलं कुणीतरी आठवड्यातून एकदा खाली येतं, ते झाड तोडायचा ठराव सभेत मंजूर होत नाही. शेजारी एक कागदी लिंबू लावा. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं. त्याच्या अळ्या लिंबाच्या जातीच्या झाडांची पानं खाऊन वाढतात. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी पुढे हिरवी होते आणि मग कोश करते, हे एकदा मुलांना दाखवलंत की रोज सकाळी शाळेच्या बसची वाट बघताना पाचजण त्या लिंबाभोवती उभे असतील. पानं थोडी खाल्ली जातील, जाऊ देत.

मदत मागताना मात्र ‘रविवारी सकाळी सात वाजता श्रमदानाला या’ असा निरोप टाकू नका. तुमच्याकडची निम्मी तरुण मंडळी आठवडाभर हिंजवडी नाहीतर खराडी गाठून परत येतात. रविवारी त्यांना झोप हवी असते. वयस्कांना उकिडवं बसवत नाही. एकेका माणसाला एकेक छोटी गोष्ट सांगा. बी विंगच्या जोडप्याला मंगळवार-शुक्रवार पंधरा मिनिटं नळी धरायची. निवृत्त आजोबांना झाडांच्या नावांच्या पट्ट्या करायच्या. भाड्यानं राहणाऱ्यांनाही विचारा. त्यांना सभेत मत नसतं, म्हणून त्यांना कुणी काही विचारतच नाही. तुमचे वॉचमन गावाकडे शेती सोडून आलेले असण्याची शक्यता बरीच आहे. तसं असेल तर माती, पाणी, छाटणी यातलं त्यांना आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळतं. पण काम सांगाल तर त्याचे वेगळे पैसे द्यायचे. ‘बसलेलेच असतात’ म्हणून फुकट राबवून घ्यायचं नाही.

पार्किंगकडे वळते. इथे तुमचा राग मला पटत नाही. सायकली आणि लूनाच्या काळात बांधलेल्या सोसायटीत आता घरटी दोन दुचाक्या झाल्या, तर जागा मागणारा माणूस बागेचा शत्रू ठरत नाही. चाळीस फुटांत शेजारी शेजारी लावल्या तर पंधरा-सोळा गाड्या बसतील. हा आकडा सेक्रेटरींच्या खिशात आहे. तुमच्या खिशात काय आहे?

एक म्हणजे मेलेल्या गाड्या. पार्किंगमध्ये जाऊन मोजा. हवा गेलेली, सीट फाटलेली, परदेशी गेलेल्या मुलाची, कव्हर घालून ठेवलेली, बारावीनंतर हात न लावलेली सायकल. जुन्या सोसायटीत अशा सात-आठ सहज निघतात. नोटीस लावून, मुदत देऊन त्या हलवल्या की निम्मी गरज तिथेच भागते.

दुसरं, पाण्याचा हिशोब. चाळीस गुणिले सहा म्हणजे दोनशे चाळीस चौरस फूट, साधारण बावीस चौरस मीटर. पुण्यात जून ते सप्टेंबरमध्ये सरासरी सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो असं धरलं, तर तुमच्या त्या चिंचोळ्या पट्ट्यावर एका पावसाळ्यात तेरा हजार लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरच्या सव्वा टँकरहून जास्त. सगळं काही मुरत नाही, पण माती उघडी असेल तर बराच भाग मुरतो. सिमेंटवर घट्ट बसवलेल्या पेव्हरवरून ते वाहून गटारात जातं आणि मग आपण एप्रिलमध्ये बोअरला पाणी नाही म्हणून फोन फिरवत बसतो. तुमच्याकडे बोअर असेल तर सभेत हा आकडा सांगा. सौंदर्यावर बोललात तर लोक घड्याळ बघतील, टँकरवर बोललात तर ऐकतील.

तिसरं, मधला मार्ग. जाळीचे पेव्हर मिळतात, त्यांच्या भोकांत माती आणि गवत राहतं, गाडीचा स्टँडही रुतत नाही. निम्म्या पट्ट्यावर ते टाकून गाड्या, उरलेल्या निम्म्यात झाडं, असं होऊ शकतं. झाडाच्या बुंध्याभोवती मात्र सगळ्या बाजूंनी किमान एक मीटर माती मोकळी ठेवायची. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांच्या बाबतीत हेच सांगितलं होतं, बुंध्यापासून एक मीटरच्या आतलं काँक्रीट काढा म्हणून. पुण्यातल्या फुटपाथांवर गळ्यापर्यंत पेव्हर बसवलेली झाडं रोज दिसतात. पावसाळ्यात झाड पडलं की आपण झाडाला दोष देतो.

डासांच्या तक्रारीवर तुम्ही चिडला आहात, पण ती तुमच्या बाजूची तक्रार आहे. डेंग्यू पसरवणारा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. मातीत मुरलेल्या पाण्यात त्याला काही करता येत नाही. त्याला हवी असते कुंडीखालची ताटली, नारळाची करवंटी, गच्चीवरचा तुंबलेला पन्हाळा. म्हणजे गेटपाशी ताटल्यांसकट कुंड्या ठेवायचा कमिटीचा बेत डासांच्या दृष्टीनं अधिक सोयीचा आहे. ताटल्या नकोतच, किंवा आठवड्याला पालथ्या घालायच्या. सापाचं म्हणाल तर तो बहुधा उंदरामागे येतो आणि उंदीर अडगळीमागे. कमोड आणि फरश्या हटवून तुम्ही त्याची सोय कमीच केलीत. सोनटक्क्याचं बेट मात्र पायाशी दाट होऊ देऊ नका.

पाणी जातं, हा आक्षेप खरा आहे. पाणीकपातीच्या दिवसांत नळाच्या पाण्यानं झाडं भिजवणं कुणालाही खटकेल. वाळकी पानं झाडून जाळू नका, ती झाडांच्या बुडाशी तीन-चार इंच अंथरा. माती झाकलेली राहिली की मे महिन्यातही रोज पाणी द्यावं लागत नाही. उरलेली पानं एका जाळीत भरून ओलसर ठेवलीत तर चार-सहा महिन्यांत खत होतं. डाळ-तांदूळ धुतल्याचं पाणी वापरता येतं, फक्त चौथ्या मजल्यावरून ते खाली ओतू नका, त्यावरून वेगळं पत्र येईल.

राहिला बहावा. आणि रीडेव्हलपमेंट. या बाबतीत तुमचे सेक्रेटरी चुकीचं बोलत नाहीत. महाराष्ट्रात १९७५ पासून शहरी भागातल्या झाडांसाठी स्वतंत्र कायदा आहे. झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, पुण्यात फांद्या छाटायलाही महापालिकेकडे अर्ज करावा लागतो, आणि ‘आमच्या आवारातलं आमचं झाड’ हे उत्तर चालत नाही. जागा मोकळी करताना झाडांची मोजणी होते, त्यात वेळ जातो. म्हणून जुन्या सोसायट्यांत झाड मोठं होण्याआधीच ते खुडण्याची एक रीत पडत चालली आहे. ती मला भयंकर वाटते, पण तिच्यामागची भीती खोटी नाही.

तुम्ही निवड बरी केलीत, हे आधी सांगते. बहावा आपल्या मातीतला, मध्यम उंचीचा. एप्रिल-मेमध्ये पिवळे घोस लोंबतात तेव्हा रस्त्यावरची माणसं थांबून बघतात. गुलमोहर लावला असतात तर मी स्वतः काढायला सांगितला असता. तो मादागास्करचा, देखणा, पण मुळं उथळ आणि लाकूड ठिसूळ, वळवात त्याच्या फांद्या गाड्यांवर येतात. बुचाचंही तसंच. ऑक्टोबरच्या रात्री पुण्यातल्या जुन्या गल्ल्यांत त्याचा वास येतो तेव्हा सगळं माफ करावंसं वाटतं, तरी त्याचं लाकूड वाऱ्याला टिकत नाही. पिंपळ-उंबराचं रोप पक्ष्यांच्या कृपेनं भिंतीत उगवलं तर ते बोटभर असतानाच काढून मोकळ्या जागी न्या. पण सहा फुटांच्या पट्ट्यात बहावाही अडचणीचा ठरू शकतो. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला इमारत, आणि जुन्या इमारतींच्या मागच्या बाजूलाच सहसा ड्रेनेजचे चेंबर असतात. चेंबरची झाकणं कुठे आहेत ते बघा. बहावा त्यांच्यापासून दहा फुटांच्या आत असेल, तर अजून वेळ गेलेली नाही. पहिला जोरदार पाऊस होऊन गेला की कमिटीला सांगून, मोठा मातीचा गोळा राखून तो हलवता येईल. उशीर कराल तितकं अवघड, बहाव्याचं सोटमूळ खोल जातं. तो कुठे हलवायचा, तर गेटजवळच्या मोकळ्या कोपऱ्यात. तिथे जागा नसेल आणि बाहेर रस्त्याच्या कडेला असेल, तर महापालिकेच्या उद्यान विभागाला विचारून.

रीडेव्हलपमेंटबद्दल मात्र तुम्ही उलट्या बाजूनं विचार करावा असं वाटतं. पुण्यात रीडेव्हलपमेंटची चर्चा सुरू झाल्यापासून इमारत रिकामी होईपर्यंत कितीक वर्षं जातात, हे तुम्हाला आजूबाजूला दिसत असेल. तेवढ्या काळात तगर, अनंत, जास्वंद यांचा मनसोक्त उपभोग घेऊन होतो, आणि त्यांच्या फांद्यांपासून नवी रोपं करून कुठेही नेता येतात. खरा मुद्दा पुढचा आहे. नव्या इमारतीत गाड्यांसाठी खाली तळघर किंवा पोडियम होईल आणि जाहिरातीतली बाग त्या स्लॅबवर, फूट-दोन फूट मातीत असेल. तिथे हिरवळ होते, झुडपं होतात, मोठं झाड होत नाही. खऱ्या जमिनीतली मोकळी माती किती फूट आणि कुठे ठेवणार, किती झाडं राखणार, किती लावणार आणि ती जगवण्याची जबाबदारी किती वर्षं कुणाची, हे बिल्डरशी करार होण्याआधी मागण्यांच्या यादीत यायला हवं. त्या वेळी सगळे कार्पेट एरिया आणि भाड्याच्या रकमेवर बोलत असतात, मातीबद्दल बोलणारं कुणी नसतं. तुम्ही सेक्रेटरींना आजच सांगा, की झाडांची यादी, वय, जागा हे सगळं मी लिहून देते. लचांड म्हणून त्यांना ज्याची भीती वाटते ते काम तुम्ही उचललंत, तर ते तुमच्या विरोधात का बोलतील?

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते. तोवर तुमच्याकडे वेळ आहे. सभेत अचानक उठून बोलू नका. आधीच लेखी पत्र देऊन विषयपत्रिकेवर तुमचा प्रस्ताव घ्यायला लावा, आणि प्रस्ताव एकाच पानाचा करा. तीन जणांची बाग समिती, त्यात एक तरी माणूस आजवर तुमच्याशी भांडलेला. घरटी महिना पन्नास रुपये, म्हणजे छत्तीस घरांचे वर्षाला एकवीस हजार सहाशे, त्यात महिन्यातून दोनदा माळी, खत आणि वॉचमनचा मेहनताना बसवायचा. निम्मा पट्टा जाळीच्या पेव्हरचा, निम्मा मातीचा. मेलेल्या गाड्यांची नोटीस. तुम्ही आजवर केलेल्या खर्चाची फाइल मात्र घरीच ठेवा. ती उघडलीत की चर्चा झाडांवरून तुमच्यावर येईल, आणि ‘आम्ही सांगितलं होतं का?’ असं कुणीतरी म्हणेलच. त्या वाक्यानं होणारी जखम तुम्हाला नको.

गांडूळखताचा प्रकल्प किंवा पावसाचं पाणी साठवण्याची, जिरवण्याची व्यवस्था केली तर महापालिका मिळकतकरात सवलत देते. ती सगळ्या सभासदांना मिळणारी गोष्ट आहे. बागेच्या प्रस्तावाला ती जोडता येते का, हे क्षेत्रीय कार्यालयात विचारून ठेवा.

आणि सभेनं तरीही पेव्हरच मंजूर केले तर? तसं होऊ शकतं. जागा सोसायटीची आहे, बहुमत त्यांचं आहे. त्यासाठी आत्ताच ठरवून ठेवा, की एकाच गोष्टीसाठी अडून बसायचं झालं तर ती कुठली. मी तुमच्या जागी असते तर बहावा आणि त्याच्याभोवतीची माती मागितली असती, बाकी सगळं सोडलं असतं. झुडपं पुन्हा होतात.

शेवटी थोडं खाजगी. सासूबाईंचं आजारपण संपल्यावर ही जागा हातात आली, असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. इतकी वर्षं एका माणसाचं खाणंपिणं, औषधं, झोप बघितल्यावर हातांना काहीतरी जपायला हवं असतं. ते त्या पट्ट्यानं तुम्हाला दिलं. त्याला कुणी हात लावला की तुम्हाला लागतं, ते स्वाभाविक आहे. पण छत्तीस बिऱ्हाडांच्या मालकीची जागा असा निवारा देऊ शकत नाही. तिथे कुणीतरी तोडणार, कुणीतरी मोडणार, एखादा मुलगा बॉल मारून अनंताची फांदी पाडणार. म्हणून तुमचा अनंत, नाहीतर त्याची कलमं, वर तुमच्या बाल्कनीत न्या. बारा इंची कुंडी, सकाळचं ऊन, आणि तिथे कुणाचा हात पोहोचत नाही. ती बाग पूर्णपणे तुमची, तिच्यात तुमचाच कायदा. खालची बाग मग तुम्हाला थोडी सैल हातानं धरता येईल.

ता. क. – जास्वंदीवर पांढरं कापसासारखं काहीतरी धरलंय, ते बुरशीचं औषध मारू का, असं तुम्ही विचारलं आहे. ती बुरशी नसावी, वर्णनावरून पिठ्या ढेकूण वाटतो. फार धरलेले शेंडे कापून पिशवीत घालून कचऱ्यात द्या, खताच्या जाळीत टाकू नका. बाकीच्यावर आधी पाण्याचा जोराचा फवारा, मग एक लिटर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि चार थेंब भांड्याचा साबण, उन्हं उतरल्यावर. आठवड्यानं पुन्हा. बुंध्यावर मुंग्यांची रांग असेल तर तीही तोडा, त्याच त्याला या फांदीवरून त्या फांदीवर नेतात. फवारणीच्या आदल्या दिवशी ए विंगमधल्या काकूंना कळवायला विसरू नका. दोन दिवस त्यांनी तगर न्यावी.